‘विनोदेति’ : बाहेर काय घालवायचे आणि कोणाला नाही
(पालि ‘नुद्’ धातूचा अर्थ व उपयोग)

आचार्य बुद्धघोषांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अट्ठकथांमध्ये विभंग या अभिधम्मग्रंथावरील अट्ठकथेचे नाव ‘सम्मोहविनोदनी’ असे आहे. मराठी वाचकाने हे नाव प्रथमच ऐकले तर तो क्षणभर थबकतो. सम्मोहाचा विनोद कसला ? मराठीत विनोद म्हणजे हसविणारी उक्ती, थट्टा किंवा कोटी. अभिधम्मासारख्या गंभीर विषयावरील ग्रंथाच्या नावात हा शब्द यावा, हे त्याला विसंगत वाटते. परंतु येथे विसंगती नाही. ‘सम्मोहविनोदनी’ म्हणजे सम्मोह घालवून देणारी, अज्ञानाचा गोंधळ मनातून हुसकून लावणारी. मराठीतील विनोद आणि पालितील विनोदन हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. एकाचा अर्थ प्रवासात बदलला, दुसऱ्याचा कायम राहिला, एवढाच काय तो फरक.

हा धातू म्हणजे ‘नुद्’. ढकलणे, रेटणे, लोटणे, बाहेर घालविणे हा त्याचा अर्थ. पालि वाङ्मयात हे क्रियापद कोठे येते, त्याने काय बाहेर लोटावयाचे असते आणि कसे लोटावयाचे असते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय वरवर पाहता व्याकरणाचा आहे. परंतु ज्या समाजाला हजारो वर्षे गावकुसाबाहेर लोटले गेले, त्या समाजाच्या वाचकाला ‘बाहेर लोटणे’ या क्रियेचा विचार केवळ व्याकरण म्हणून करता येणार नाही.

धातू आणि त्याची रूपे

संस्कृत धातुपाठात ‘नुद्’ हा धातू तुदादि गणात दिलेला असून त्याचा अर्थ ‘प्रेरणे’ म्हणजे पुढे लोटणे असा सांगितला आहे. पालित त्याची साधी रूपे ‘नुदति’, ‘पनुदति’ आणि ‘अपनुदति’ ही होत. ‘वि’ हा उपसर्ग लागून ‘विनोदेति’ हे रूप होते. रचनेने ते प्रयोजक असले, तरी अर्थाने ‘दूर लोटतो, हुसकून लावतो’ असेच आहे. त्याला आणखी ‘पटि’ जोडला की ‘पटिविनोदेति’ होते. ‘विनोदन’ हे त्याचे नाम. ‘तमोनुद’ हा समासही याच कुळातला. तम म्हणजे अंधार, आणि तो हटविणारा तो तमोनुद.

मराठीतील विनोदाची वाट येथूनच सुरू होते. मनावरचा शीण, खेद किंवा कंटाळा घालविणे म्हणजे विनोदन. ज्याने तो जातो ती करमणूकही विनोद झाली, आणि करमणुकीच्या अनेक प्रकारांपैकी हसविणारी उक्ती तेवढी पुढे या शब्दाची धनी झाली. ‘मनोविनोदन’ या शब्दात मधली पायरी आजही दिसते. ‘काहीतरी घालविणे’ हा मूळ अर्थ मात्र बोलणाऱ्याच्या ध्यानातून निघून गेला आहे.

ऋग्वेदातील प्रार्थनांतही हा धातू येतो. तेथे ‘अप’ उपसर्गासह द्वेष करणाऱ्या लोकांना, शत्रूंना दूर रेटण्याची विनंती देवतेला केलेली आढळते. म्हणजे लोटणारी देवता आणि लोटला जाणारा माणूस, असा तो व्यवहार आहे. हे लक्षात ठेवून पालि वाङ्मयाकडे वळले की या क्रियापदाच्या कर्मस्थानी कोण आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सुत्तांतील उपयोग

शब्दशः ढकलण्याचा अर्थ पालित अगदीच नाही असे नव्हे. थेरगाथेत लोमसकङ्गिय थेरांच्या गाथेत अरण्यवासाला निघालेला भिक्खू कुश, मुंज, वाळा अशी दाट गवते छातीने बाजूला सारीत पुढे जाण्याचा निर्धार व्यक्त करतो. त्या ‘सारण्या’साठी तेथे ‘पनुद्’चेच रूप आहे. वाट नसलेल्या ठिकाणी देहाने वाट काढणारा माणूस त्या एका क्रियापदातून डोळ्यांसमोर उभा राहतो.

सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्तात हेच क्रियापद ‘नाकारणे’ या अर्थाने येते. शेतकरी ब्राह्मण कसिभारद्वाज संवादाने प्रसन्न होऊन भगवंतांना खीर देऊ करतो. तेव्हा, गाथा म्हटल्याचा मोबदला म्हणून मिळणारे अन्न बुद्ध दूर सारतात, असे उत्तर त्याला मिळते. धम्म सांगणे हा देवाणघेवाणीचा धंदा नाही, हा त्याचा आशय. येथेही दूर सारली जाते ती वस्तू आणि तिच्यामागची प्रथा. देणारा कसिभारद्वाज दूर सारला जात नाही. उलट त्याच सुत्ताच्या अखेरीस तो प्रव्रज्या घेऊन भिक्खुसंघात येतो.

यापुढचे बहुतेक सर्व उपयोग मनाच्या अवस्थांविषयी आहेत. धम्मपदाच्या अप्पमादवग्गात शहाणा माणूस अप्रमादाने प्रमादाला लोटतो आणि प्रज्ञेच्या प्रासादावर चढतो, असे वर्णन आहे. तेथे ‘नुदति’ आहे. ब्राह्मणवग्गात कामवासना दूर लोटण्याचा आदेश आहे, तेथे ‘पनुद’ आहे. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात भगवंतांना उद्देशून अंधकार हटविणारा या अर्थी ‘तमोनुद’ हे विशेषण वापरले आहे. बहुश्रुत भिक्खूंकडे जाऊन प्रश्न विचारले असता ते शंका दूर करतात, असे जेथे जेथे सांगितले आहे, तेथे ‘पटिविनोदेति’चे रूप येते. आपण ज्याला शंकानिरसन म्हणतो तेच हे. शंका विचारणाऱ्याला गप्प बसविणे नव्हे, तर शंकेला उत्तर देऊन ती घालविणे.

जातककथांत शोक घालविण्यासाठी हा धातू येतो. सुजात जातकातील कथा या दृष्टीने फार बोलकी आहे. वडिलांच्या मृत्यूने एक गृहस्थ शोकाने वेडापिसा झाला. त्याने बागेत मातीचा स्तूप उभारून त्यात अस्थी ठेवल्या आणि तेथे जाऊन तो रडत बसे. खाणेपिणे, कामधंदा सारे सुटले. त्याचा मुलगा सुजात याने गावाबाहेर मरून पडलेल्या बैलापुढे गवत आणि पाणी ठेवले आणि ‘खा, पी’ असा आग्रह सुरू केला. लोकांनी ही गोष्ट बापाच्या कानावर घातली. बाप धावत आला आणि मुलाला वेड लागले की काय म्हणून विचारू लागला. मुलाने उत्तर दिले की, या बैलाचे डोके, पाय, शेपूट तरी जागेवर आहे, तो कदाचित उठेलही. आजोबांचे तर डोकेही नाही, हातपायही नाहीत. मग मातीच्या ढिगापाशी रडणारा अधिक शहाणा कसा ? बापाचे डोळे उघडले आणि मुलाने आपला शोक घालविला म्हणून त्याने त्याची प्रशंसा केली. तेथे ‘अपानुदि’ हे भूतकाळी रूप आहे. मुलाच्या या कृतीत थोडी थट्टाही आहे. विनोद आणि विनोदन हे दोन्ही अर्थ या एका कथेत शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

सब्बासवसुत्तातील ‘विनोदना’

या क्रियापदाला शास्त्रीय संज्ञेचे स्थान मिळाले ते मज्झिमनिकायातील सब्बासवसुत्तात. आस्रवांचा, म्हणजे चित्ताला दूषित करणाऱ्या प्रवाहांचा क्षय करण्याचे सात उपाय तेथे सांगितले आहेत. काही आस्रव सम्यक दर्शनाने जातात, काही इंद्रियसंवराने, काही वस्तूंच्या विवेकपूर्ण वापराने, काही सहन केल्याने, काही टाळल्याने, काही ‘विनोदना’ने आणि काही भावनेने, म्हणजे चित्ताच्या विकासाने.

या सात उपायांत ‘सहन करणे’ आणि ‘हुसकून लावणे’ वेगवेगळे ठेवले आहेत, ही बाब मननीय आहे. सहन काय करावयाचे ? थंडी, ऊन, भूक, तहान, डासमाश्यांचा त्रास, शरीरातील वेदना, लोकांचे कठोर बोलणे. हुसकून काय लावावयाचे ? मनात उठलेला कामवितर्क, व्यापादवितर्क म्हणजे दुसऱ्याचे वाईट व्हावे असा विचार, आणि विहिंसावितर्क म्हणजे दुसऱ्याला पीडा देण्याचा विचार; तसेच वेळोवेळी उठणारे सर्व अकुशल धम्म. सामान्य माणसाचा व्यवहार याच्या नेमका उलट असतो. तो बाहेरची गैरसोय क्षणभर सहन करीत नाही, परंतु आत उठलेल्या द्वेषाला मात्र वर्षानुवर्षे पोसतो.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. कठोर बोलणे सहन करावे याचा अर्थ अपमान आणि अन्याय मुकाट्याने सोसावा असा होतो काय ? प्रस्तुत लेखकाच्या मते तसा होत नाही. सुत्ताचा विषय आपल्या चित्तातील आस्रव हा आहे. दुसऱ्याच्या कठोर शब्दाने आपल्या चित्तात द्वेष भरू देऊ नये, एवढे ते सांगते. हक्क सोडून द्यावा असे ते सांगत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे पाणी प्यायली आणि त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून आवरले, पण पाण्यावरचा हक्क सोडला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात ते पुन्हा महाडला गेले. सहनशीलता आणि शरणागती यांतील अंतर याहून स्पष्ट कोणते उदाहरण दाखवील ?

विनोदनाची क्रिया सांगताना सुत्तात एका ओळीने पाच क्रिया येतात. भिक्खू उठलेल्या अकुशल विचाराला थारा देत नाही, त्याला सोडतो, त्याला हुसकून लावतो, त्याचा शेवट करतो आणि तो मुळी अस्तित्वातच राहू नये असे करतो. मधली तिसरी क्रिया म्हणजे ‘विनोदेति’. अट्ठकथेने या क्रमावर फार सुंदर भाष्य केले आहे. ‘सोडतो’ म्हणजे कसा ? टोपलीत केर भरून टाकून द्यावा तसा का ? तेवढेच नव्हे; तो त्याला टोचतो, बोचतो, बाहेर काढतो. मग बैलाला पराणी टोचून हाकावे तसे का ? तेवढ्यानेही भागत नाही. तो त्याचा अंतच करतो. अट्ठकथेचे हे प्रश्नोत्तर शेतकऱ्याच्या अंगणातले आहे. केर टाकला तरी वाऱ्याने परत येतो. पराणी टोचून हाकलेला बैलही संध्याकाळी गोठ्यात परततो. म्हणून हुसकून लावणे ही आवश्यक पायरी असली तरी ती शेवटची नव्हे, असे सांगणारा हा क्रम आहे.

अंगुत्तरनिकायात चार सम्यक प्रधानांपैकी ‘पहानप्पधान’ समजावून देतानाही हीच शब्दावली येते. म्हणजे ‘विनोदेति’ हे अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायामाचे क्रियापद आहे. कोणाच्या कृपेने मन शुद्ध होण्याची वाट पाहणे धम्मात बसत नाही. लोटावयाचे ते स्वतःच लोटावे लागते.

गुराख्याचे आणि सुताराचे उदाहरण

मज्झिमनिकायातील महागोपालकसुत्तात गुरे सांभाळणाऱ्याचे अकरा गुण व अकरा दोष सांगून ते भिक्खूला लावून दाखविले आहेत. नालायक गुराखी गुरांच्या अंगावर माश्यांनी घातलेली अंडी काढीत नाही. जखम लहान असते, अंडी दिसतही नाहीत. पण ती राहिली की अळ्या होतात, जखम चिघळते आणि जनावर हातचे जाते. मनात उठलेल्या काम, व्यापाद आणि विहिंसा या विचारांना जो थारा देतो, हुसकून लावीत नाही, तो भिक्खू या गुराख्यासारखा. लगेच पुढचा गुण जखमेवर पट्टी बांधण्याचा आहे आणि त्याचा अर्थ इंद्रियांचे रक्षण असा दिला आहे. आधी घाण काढावी, मग जखम झाकावी. घाण आत ठेवून वरून पट्टी बांधण्यात काही अर्थ नाही. ज्यांच्या घरी गुरे आहेत किंवा होती, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

घालवावे कसे, याचे उत्तर वितक्कसण्ठानसुत्तात आहे. तेथे पाच पद्धती क्रमाने दिल्या आहेत. पहिलीत कुशल सुताराचे उदाहरण आहे. भोकात बसलेली जाड खुंटी तो बारीक खुंटी ठोकून बाहेर काढतो. त्याप्रमाणे अकुशल विचाराच्या जागी कुशल विचार आणावा, म्हणजे पहिला आपोआप बाहेर पडतो. धम्मपदात अप्रमादाने प्रमादाला लोटण्याची जी गोष्ट आहे, तिचेच हे विवरण म्हणावे लागेल. याने काम झाले नाही तर त्या विचाराचे दुष्परिणाम पाहावेत. तेही पुरले नाही तर त्याकडे लक्ष देऊ नये. त्यानंतर, वेगाने चालणारा माणूस जसा हळू चालू लागतो, मग उभा राहतो, मग बसतो, मग आडवा होतो, तसा विचाराचा वेग पायरीपायरीने शांत करावा. या चारही पद्धती हरल्या तरच दात आवळून, बलवान माणसाने दुर्बलाला दाबून धरावे तसे चित्ताने चित्ताला दाबावे. जबरदस्ती शेवटी येते, प्रथम नव्हे. मनातील दुष्ट विचाराच्या बाबतीतही बुद्ध इतक्या क्रमाने जावयास सांगतात. मग जिवंत माणसाला बाहेर काढावयाचे झाले तर किती काळजी घ्यावी लागेल ?

माणसाला बाहेर काढणे : विनयाची भाषा

संघ ही संस्था होती आणि संस्थेत शिस्तीचे प्रश्न येतातच. दोषी भिक्खूंवर करावयाच्या दंडकर्मांची नावे विनयपिटकात आहेत. तज्जनीयकम्म, नियस्सकम्म, पब्बाजनीयकम्म, पटिसारणीयकम्म, उक्खेपनीयकम्म ही त्यांतील प्रमुख होत. यांतील एकही नाव ‘नुद्’ धातूपासून बनलेले नाही. अंधार, शोक, प्रमाद, द्वेष यांना लोटण्यासाठी जे क्रियापद सुत्तांत सर्रास येते, ते माणसाला शिक्षा करणाऱ्या कर्माच्या नावात आलेले नाही.

त्यातही ‘पब्बाजनीय’ हा शब्द विशेष पाहण्यासारखा आहे. ‘पब्बजति’ म्हणजे घर सोडून बाहेर पडतो, प्रव्रजित होतो. त्याचे प्रयोजक रूप ‘पब्बाजेति’. राजा एखाद्याला राज्यातून घालवून देतो तेव्हाही ‘पब्बाजेति’, आणि संघ एखाद्याला प्रव्रज्या देतो तेव्हाही ‘पब्बाजेति’. एकाच क्रियापदाने हद्दपारीही सांगितली जाते आणि मुक्तीच्या मार्गावरचा प्रवेशही. ज्याला जगाने बाहेर काढले त्याला हेच ‘बाहेर पडणे’ नव्या जीवनाचे दार ठरू शकते, असे या शब्दाकडे पाहून मनात येते.

कीटागिरी येथील अस्सजि आणि पुनब्बसु यांच्या अनुयायी भिक्खूंनी फुलझाडे लावणे, हार गुंफून घरोघर पाठविणे, नाचगाणे, खेळ यांत रमून तेथील कुटुंबांना बिघडविले, तेव्हा त्यांच्यावर पब्बाजनीयकम्म करण्यासाठी सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांना पाठविण्यात आले. परंतु त्याची रीत ठरवून दिली होती. आधी आरोप सांगावा, घडलेल्या गोष्टीची आठवण द्यावी, दोष निश्चित करावा, मग समर्थ भिक्खूने संघापुढे प्रस्ताव मांडून तीनदा घोषणा करावी. दंड एवढाच की, त्यांनी कीटागिरीत राहू नये. त्यांचे भिक्खुपण गेले नाही. वर्तन सुधारल्यास दंड मागे घेण्याची तरतूदही त्याच ठिकाणी आहे.

गृहस्थाविषयी ‘पात्र उलटे करणे’ हे एक कर्म आहे. वड्ढ लिच्छवी याने काही भिक्खूंच्या चिथावणीवरून दब्ब मल्लपुत्त यांच्यावर आपल्या पत्नीशी दुराचार केल्याचा खोटा आरोप केला. संघाने त्याच्यापुढे पात्र उलटे केले, म्हणजे त्याच्या घरचे दान न स्वीकारण्याचे ठरविले. वड्ढाने चूक कबूल करताच पात्र पुन्हा सरळ करण्यात आले. कारण होते, मर्यादा होती आणि परतीचा मार्गही होता.

वासभगामचा भिक्खू

सर्वांत महत्त्वाची कथा महावग्गातील चम्पेय्यक्खन्धकात आहे. काशी जनपदातील वासभगाम येथे कस्सपगोत्त नावाचा भिक्खू राहत असे. पाहुण्या भिक्खूंची तो मनापासून सेवा करी. एकदा काही भिक्खू आले. त्याने आसने मांडली, पाय धुण्यास पाणी दिले, पेज आणि जेवणाची व्यवस्था केली. सुखसोय पाहून ते तेथेच राहिले. काही दिवसांनी कस्सपगोत्ताला वाटले की, यांना आता गाव ओळखीचे झाले आहे, आणि आपण रोज दुसऱ्यांच्या घरी मागत राहणे बरे नव्हे. त्याने ती धडपड थांबविली. एवढ्यावरून पाहुण्यांनी त्याच्यावर दोष ठेवला, आणि तो दोष त्याला दिसेना म्हणून त्याला ‘उक्खित्त’ म्हणजे निलंबित ठरविले.

आपण खरोखर दोषी आहोत की नाही, हे त्या साध्या भिक्खूला कळेना. तो चालत चम्पा नगरीला गेला आणि गग्गरा पुष्करिणीच्या तीरावर भगवंतांना भेटला. भगवंतांनी आधी त्याची विचारपूस केली. प्रवासात त्रास झाला नाही ना, असे विचारले. सर्व हकीकत ऐकल्यावर त्यांनी निर्णय दिला की, हा दोष नव्हे, तू निलंबित नाहीस, जा आणि वासभगामातच राहा. नंतर त्या पाहुण्या भिक्खूंना पश्चात्ताप झाला. तेही चम्पेला आले. भगवंतांनी त्यांची कानउघाडणी केली आणि त्यांनी चूक कबूल केल्यावर ती कबुली स्वीकारली. त्यांनाही बाहेर काढले नाही.

या प्रसंगाच्या अनुषंगाने कोणते कर्म वैध आणि कोणते अवैध याची चर्चा येते. धम्माविरुद्ध आणि अपुऱ्या संघाने केलेले कर्म अवैध. धम्माला धरून असले तरी अपुऱ्या संघाने केलेले अवैध. आणि संपूर्ण संघाने एकमताने केलेले, पण धम्माविरुद्ध असलेले कर्मही अवैधच. धम्माला धरून आणि समग्र संघाने केलेले कर्म तेवढे वैध. ‘सर्वांचे एकमत आहे’ हे कारण कोणालाही बाहेर लोटण्यास पुरेसे नाही, असे या नियमाने निःसंदिग्धपणे ठरवून टाकले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघाला संसदीय कार्यपद्धतीचे नियम ठाऊक होते असे सांगून आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी इत्यादी नियमांचा उल्लेख केला. चम्पेय्यक्खन्धक वाचताना त्या विधानाचा आधार पानोपानी दिसतो.

वाळीत टाकणे

आता मराठीतील दुसऱ्या एका क्रियेकडे पाहू. ‘वाळीत टाकणे’. पाणवठा बंद, दुकान बंद, मजुरी बंद, न्हावी बंद, लग्नकार्याला आणि मयताला येणे बंद. येथे आरोप कोणी सांगत नाही, बाजू कोणी ऐकत नाही, मुदत नसते आणि परतीचा मार्ग असला तर तो शरणागतीचा असतो. आणि अस्पृश्यतेत तर दोषही लागत नाही, जन्म पुरतो. विनयाच्या कोणत्याही कसोटीला ही क्रिया उतरत नाही. गाव एक झाला म्हणून ती धम्म्य होत नाही.

बाबासाहेबांनी हा शब्द टाळला नाही, तो उचलून हाती घेतला. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या संस्थेचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ होते आणि ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’. पहिल्या गोलमेज परिषदेपुढे रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह त्यांनी मांडलेल्या संरक्षणाच्या योजनेत सामाजिक बहिष्काराची व्याख्या करून तो शिक्षापात्र ठरविण्याची मागणी होती, आणि त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. ज्या मागणीचे बीज तेव्हा पडले, तिला कायद्याचे रूप येण्यास फार काळ लागला. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्काराचा स्पष्ट समावेश झाला, आणि महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम २०१६ चा असून तो २०१७ च्या जुलैपासून अमलात आला.

कायदा माणसाला माणसाने बाहेर लोटण्यास बंदी करतो. परंतु लोटावेसे वाटणाऱ्या विचाराला बाहेर काढणे हे कायद्याचे काम नाही, ते ‘विनोदने’चे काम आहे. आणि हा विचार फक्त दुसऱ्यांच्या मनात असतो असेही नाही. आपल्या वस्तीतही एखादे कुटुंब वेगळ्या गटात गेले, एखाद्या मुलीने पोटजात ओलांडून लग्न केले किंवा एखाद्याने विहाराच्या हिशेबाबद्दल प्रश्न विचारला, तर त्याला कार्यक्रमाचे बोलावणे बंद होते. अशा वेळी वासभगामच्या पाहुण्यांत आणि आपल्यात अंतर किती उरते, हे प्रत्येक उपासक-उपासिकेने स्वतःला विचारावे. दोष असेल तर तो समोर सांगावा, बाजू ऐकावी, मर्यादित निर्णय घ्यावा आणि परतीचा दरवाजा उघडा ठेवावा. एवढी रीत अडीच हजार वर्षांपूर्वी घालून दिलेली आहे.

भाषांतराविषयी

सुत्तांचे मराठी भाषांतर करताना ‘विनोदेति’साठी ‘दूर करतो’ हा शब्द बहुधा योजला जातो. तो चुकीचा नाही, पण मवाळ आहे. त्यातील रेटा, अट्ठकथेतील पराणीची टोच त्यात उतरत नाही. ‘नष्ट करतो’ हा शब्द जास्त होतो, कारण नष्ट करण्यासाठी त्याच ओळीत पुढची दोन क्रियापदे दिलेली आहेत. ‘हुसकून लावतो’ किंवा ‘घालवून देतो’ हे बोलीतले शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातात. शंकेसाठी ‘निरसन करतो’ आणि शोकासाठी ‘हलका करतो’ नव्हे तर ‘घालवितो’ म्हणावे, म्हणजे एकाच धातूचा धागा वाचकाच्या हाती राहील.

हा धागा हाती धरला की ‘सम्मोहविनोदनी’ हे नाव परके वाटत नाही. हुसकून लावावयाचा तो सम्मोह. लोटावयाचा तो प्रमाद. घालवावयाचे ते शोक, शंका आणि द्वेष. कसिभारद्वाजाची खीर परत गेली, पण तो स्वतः संघात आला. कस्सपगोत्तावरचा दोष पुसला गेला आणि तो आपल्या गावी परतला. ज्यांना या देशात माणूस असूनही बाहेर लोटले गेले, त्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारल्यावर या क्रियापदाचे कर्म बदलून घेणे हेच त्यांच्या धम्माचरणाला शोभणारे आहे.